गाईचं शेपूट

गाईचं शेपूट काही सापडेना. शिंगं होती, कागदाचं तोंड होतं, पायात बांधायची घुंगरंही होती. खाली गल्लीत ढोल वाजायला लागले होते आणि बा एकेक उशी उचलून झटकत होते.

"काल संध्याकाळी मी स्वतः इथे खिडकीत ठेवलं होतं," बा म्हणाले.

"शेपूटच ते. त्याला काय पाय फुटले?" बांची आई, अजी म्हणाली.

यंदाची गाय होती जुनू. कीर्तिपुरात वर्षभरात ज्या घरातलं माणूस जातं, त्या घराने जत्रेला गाय काढायची. खरी गाय नसली तर घरातलं पोर गाय होतं. जुनूचा थोरला भाऊ, तिचा दाजू न्हुजा, माघात तापाने गेला होता. 'यमाचं दार आज एकच दिवस उघडतं, तुझं शेपूट धरून दाजू आत जाईल,' असं अजीने तिला समजावलं होतं. ते ऐकलं आणि जुनूने शेपूट नेऊन न्हुजाच्या फुटबॉलच्या बुटात कोंबलं. शेपूटच नसेल तर दाजू जाईल कसा?

"अजी, दाजू आत गेलाच नाही तर?" तिने हळूच विचारलं.

"तर काय? माघापासून दाराबाहेर रांगेत उभा आहे बिचारा. आणखी वर्षभर उभा राहील."

हे जुनूच्या लक्षातच आलं नव्हतं. न्हुजाला रांगेचं भारी वावडं. मोमोच्या दुकानात तो 'माझी आजी फार आजारी आहे हो' म्हणत पुढे घुसायचा, आणि अजी चांगली धडधाकट त्याच्या शेजारीच उभी असायची. तो माघापासून तिष्ठत उभा आहे म्हटल्यावर शेपूट काढून द्यावं असं तिला वाटलं. पण बाहेर आहे तोवर तो कंटाळून घरी तरी येऊ शकतो. एकदा आत गेला की संपलं. बुटाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं.

बांनी शोधाशोध सोडली. पांढरं कापड फाडून त्यांनी दुसरं शेपूट पिळलं, टोकाला काळ्या लोकरीचा गोंडा बांधला आणि ते खिडकीत ठेवून काजळाची डबी घेतली. अजीने जुनूचं डोकं मागून दोन्ही हातांत पकडलं.

"गाईला मिशा कशाला, बा?"

"शेजारच्यांच्या गाईला आहेत. आपली काय गरीब आहे?"

आई दुधाची चरवी घेऊन आली, खिडकीपाशी ठेवून तिथेच थोडी रेंगाळली. माघापासून ती हसली नव्हती. स्वयंपाक करायची, शेतावर जायची, जेव म्हटलं की जेवायची. सकाळीच अजीने तिला टोचलं होतं, "राजाचा पोरगा गेला तेव्हा राजाने अख्खं गाव सोंगं काढून राणीपुढे नाचवलं. त्यातूनच तर ही जत्रा सुरू झाली. राणीसुद्धा हसली, तू कोण लागून गेलीस?"

मिशा झाल्या, चांगल्या पिळदार. बा वळले आणि खिडकीकडे बघतच राहिले. शेपूट नव्हतं.

आता मात्र जुनूने आ वासला. तिचं डोकं तर अजीच्या हातात होतं. म्हणजे दाजूच! बांचा चष्मा, तिची फणी, एकदा तर मोडाच्या कडधान्यांच्या क्वातीचं भरलेलं पातेलं, न्हुजाने काय काय लपवलं नव्हतं? त्यालाही जायचं नव्हतं तर. तिला इतका आनंद झाला की मिशीखाली हसू मावेना.

"मांजराचं काम," असं म्हणून बा खाटेखाली शिरले.

आईने चरवी उचलली आणि ती जिन्याकडे वळली. तिच्या काळ्या साडीवर, कमरेला गुंडाळलेल्या पट्ट्याखालून, एक पांढरं शेपूट लोंबत होतं. पावलागणिक गोंडा डुलत होता.

"सूनबाई," अजी शांतपणे म्हणाली, "यंदा गाय नक्की कोण आहे?"

आईने मागे हात नेला. गोंडा हाती आला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"राहू दे ना न्हुजाला अजून," ती म्हणाली. "इतकी काय घाई आहे?"

जुनू धावत गेली, बूट घेऊन आली आणि त्यातून चुरगळलेलं पहिलं शेपूट ओढून तिने आईसमोर धरलं. आईने आपलं शेपूट पाहिलं, मग लेकीचं पाहिलं, मग लेकीच्या पिळदार मिशा पाहिल्या, आणि तिला हसू फुटलं. ती जिन्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातलं थोडं रडण्याचंही होतं. काय झालं ते बघायला बा खाटेखालून घाईने निघाले, तर त्यांचं डोकं आपटलं, आणि तिला पुन्हा हसू आलं.

"आता यातलं बांधू कुठलं?" बा डोकं चोळत म्हणाले.

"दोन्ही," जुनू म्हणाली.

"अगं, अशी गाय असते का कुठे?"

"आज सगळं चालतं," अजी म्हणाली.

दोन्ही शेपटं आईनेच बांधली. गाय ढोलामागून निघाली तशी गल्ली हसायला लागली. कोपऱ्यावरच्या दारात एक बाई गाईंना दूध वाटत होती. तिने जुनूला पेला दिला आणि तिला निरखून पाहिलं.

"काय गं गाई, एक शेपूट पुरत नाही का तुला?"

जुनूने दूध संपवलं. निम्मी मिशी पेल्याला लागली होती.

"एक धरून दाजू आत जाणार," ती म्हणाली. "दुसरं दाराच्या फटीत ठेवणार. दार घट्ट लागायला नको."