साळूबाईचा राघू

चावडीपुढं उखळीचा बार उडाला आणि राघू पिंजऱ्याच्या सळयांवर पुन्हा आदळला. साळूबाईनं जुनं लुगडं दुहेरी करून पिंजऱ्यावर टाकलं आणि त्याला दोन्ही हातांची मिठी घालून ती बसून राहिली. देश स्वतंत्र झाला होता. तिसगावात काल संध्याकाळपासून बार उडत होते. तेव्हापासून राघूनं पेरूच्या फोडीला चोच लावली नव्हती आणि साळूबाईनं अंथरुणाला पाठ टेकली नव्हती.

"झालं रं, झालं," ती लुगड्याआडून म्हणत होती. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

ताशा गल्लीत शिरला तसं तिनं दार लोटून घेतलं. पण मिरवणूक तिच्याच दाराशी थांबली. पुढं शेजारचा गोरक्षनाथ होता. चळवळीत तुरुंग भोगून आलेला. खांद्यावर झेंडा, कपाळभर गुलाल, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला.

"मावशे, दार उघड. राघूला घेऊन ये भाईर."

"कशापायी?"

"आज कुनी कोंडून ऱ्हायचं न्हाई. वरच्या आळीतली कबुतरं सोडली. आता तुझा राघू."

"त्याला उडता येत न्हाई, बाबा. मांजरानं धरल्यापासनं उजवा पंख लोंबतोय. तुला ठावं हाय की."

"सोडून तर बघ. मोकळं आभाळ दिसलं म्हंजी उडंल."

"सोडा! सोडा!" मागून आरोळी उठली.

भांडायचं तर अंगात बळ हवं. साळूबाईकडं ते उरलं नव्हतं. एकदा बघतील नि जातील, असं म्हणून तिनं पिंजरा उंबऱ्यावर ठेवला आणि त्याचं दार वर सरकवलं. राघू मागच्या कोपऱ्यात दबला. ताशा थांबला, माणसं माना उंचावून बघत राहिली. राघू जागचा हलला नाही. कुणीतरी फिसकन हसलं.

तेव्हा गोरक्षनाथानं आत हात घातला, राघूला बाहेर काढलं आणि साळूबाई "नगं, नगं" म्हणेस्तोवर वर उडवून दिलं.

एकच पंख उघडला. राघू गरकन फिरला आणि गर्दीत पडला. पुढची माणसं दचकून मागं सरली, मागच्यांनी पुढं रेटलं. साळूबाई त्या पायांतच घुसली.

"पाय हलवू नगा! हलवू नगा रं!"

चिखलात गुडघे टेकून, कुणाचं धोतर बाजूला सारत, कुणाचं पायताण ढकलत ती पुढं सरकत राहिली. राघू एका बैलगाडीच्या चाकाशी अंग चोरून बसला होता. तिनं हात पुढं केला तशी त्यानं भेदरून तिच्या बोटाला कडकडून चोच मारली. तिनं बोट सोडवून घेतलं नाही. तसंच त्याला छातीशी धरलं.

ती उठली. गोरक्षनाथ झेंडा दुसऱ्याच्या हाती देऊन जवळ आला.

"लई लागलं का गं त्याला?"

"जित्ता हाय."

रागवायचंही तिच्यानं झालं नाही. तिनं राघूला घरात नेलं, पिंजऱ्यात ठेवलं, दार लावलं आणि शेजारीच भिंतीला टेकून ती बसली. मिरवणूक पुढच्या आळीला गेली. गोरक्षनाथ उंबऱ्यातच उभा होता.

"जा की आता," ती म्हणाली. "मला बसायला पायजे. आनखी कुनी आलं म्हंजी?"

"मी बसतो. तू पड जरा."

साळूबाईनं त्याच्याकडं बघितलं. गुलालातून घामाचे ओघळ उतरले होते. ज्यानं राघूला उडवलं त्याच्याच हाती त्याची राखण द्यायची? पण पापण्या आपोआप मिटत होत्या.

"त्याच्याकडं टक लावून बघू नगंस," ती म्हणाली. "भितो."

ती तिथंच जमिनीवर कलंडली. अर्धवट झोपेत कुणाचीतरी पावलं धावत आलेली तिला ऐकू आली.

"गोरखभाऊ, हितं काय बसलाय? झेंडा तुमच्याच हातानं चढवायचं ठरलंय. समदं गाव खोळंबलंय!"

"खोळंबू दे," गोरक्षनाथाचा बसलेला आवाज आला. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."