शंभराच्या वर

हुडकेश्वरच्या त्या गल्लीत दिव्याच्या खांबावर गाडीचा चार्जर आणला तो कौसल्याबाईनं, तोही आपल्याच दारासमोर, साऱ्यांशी भांडून. आज चार वाजता शेजारची रोशनी नवरी होऊन हॉलवर निघणार होती, बाईच्या सुनेच्या ई-रिक्षातून. बाईनं तसा शब्द दिला होता आणि रिक्षाची बॅटरी पार उतरली होती.

“आजी, दिवसा या खांबात करंट राहत नाही. सातले दिवे लागतात तेव्हाच येते,” फिटर जितेंद्र म्हणाला. “अन् मी तर अजून वायरही जोडली नाही.”

खांबाच्या बुडाशी झाकण उघडं होतं. आत वायरची टोकं टेप गुंडाळून मोकळी पडली होती.

“नवरी काय सातपर्यंत थांबून राहील? लाव वं उन्नती.”

सुनेनं पिन खोचली. चार्जरवर हिरवा दिवा लागला आणि रिक्षाच्या पडद्यावर बॅटरीच्या टक्क्यांचे आकडे भराभर चढू लागले.

नवरीसाठी आलेल्या ताशेवाल्यानं तिथंच ताशा घुमवला. कौसल्याबाईनं खांबाला हळदीचं बोट लावलं.

“पाह्य गा जितेंद्र, तुह्या करंटपेक्षा माह्या शब्दात दम हाय.”

जितेंद्र झाकणापुढून उठलाच नाही.

बायका हसत आकडे मोजत होत्या. शंभर झाले तशी नवरी रिक्षात बसली. मग एकशे एक झाले.

“शकुनाचा एक वर,” बाई म्हणाली. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एकशे दोन.

“पुरे झालं वं उन्नती. काढ ते पिन.”

“शंभरलेच काढली न, आई,” उन्नती म्हणाली आणि तिनं हातातली पिन दाखवली.

एकशे तीन.