मागच्या रांगेचा कान

"इथे उजेडात बसा," कारागीर म्हणाला आणि त्याने खुर्ची खिडकीपाशी ओढून दिली. "आता वाजवून बघा."

वादक बसला. त्याला हे दुकान दारातच आवडलं होतं. दार ढकलल्याबरोबर कामाच्या टेबलावरचा लाल दिवा लुकलुकला, आणि पाठमोरा बसलेला कारागीर लगेच उठून सामोरा आला. बोलायचाही समोर बघून, सावकाश, शब्द न चावता. अशी माणसं हल्ली शोधून सापडत नाहीत, आणि वादकाला तर ती फारच हवी होती. कारण गेले सहा महिने त्याला ऐकू येत नव्हतं.

अगदी काहीच नाही. आधी पक्षी गेले, मग घड्याळ, मग पाऊस, शेवटी स्वतःचा खोकलासुद्धा. ओठ वाचून तो वेळ मारून नेत होता. घरात कुणाला त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

थोरली बहीण गायची आणि तो तिला साथ करायचा. तीस वर्षं झाली. येत्या रविवारी ताईचा शेवटचा कार्यक्रम होता, त्यानंतर ती गाणं थांबवणार होती. तिची सगळी गाणी त्याच्या बोटांना पाठ होती. ती श्वास कधी घेते ते बघून तो तिला सांभाळून घेत होता. तेवढ्यावर निभावलं असतं. पण गेल्या आठवड्यात जुनी गिटार खुंटीवरून पडली आणि मधोमध चिरली. नवी कशी वाजते ते बोटांना कुठून कळणार? ताईचा आवाज आता पातळ झाला होता. गिटार वरचढ झाली तर तो बुडून जाईल. आणि खरं कारण कळलं तर ताई कार्यक्रमच मोडेल, भावाशिवाय ती गायची नाही. या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

म्हणून त्याला कुणाचे तरी कान उसने हवे होते, आणि तेही न मागता.

पहिली गिटार चांगली घागरीएवढ्या पोटाची. तिच्या आत माइक बसवलेला होता. कारागिराने वायर स्पीकरला जोडली आणि वादकाने ताईचं पहिलं गाणं धरलं. लाकूड छातीशी थरथरलं, उन्हातली धूळ गिटारच्या अंगावर बारीक नाचू लागली. ते बघत राहावंसं वाटत होतं. स्पीकरवर निजलेली भुरी मांजर मात्र उडी मारून कपाटाखाली पसार झाली.

"आमच्या बाईसाहेब," कारागीर हसून म्हणाला. "त्यांची मर्जी सांभाळावी लागते." मग त्याने विचारलं, "कशी वाटली?"

वादकाने ठरवून आणलेलं उत्तर दिलं. "वाजवणाऱ्याला स्वतःचं कळत नसतं. तुम्ही शेवटच्या रांगेतला माणूस समजा आणि तुम्हीच सांगा."

कारागीर क्षणभर गडबडला. कान चोळत त्याने खाली बघितलं. "तुमच्यासारख्या कलावंतापुढे मी काय सांगणार? पण ही नको. ही ओरडते."

वादकाला हायसं वाटलं. माणूस भिडस्त होता, पण गिऱ्हाइकाचं मन राखायला खोटं बोलणारा नव्हता.

दुसरी अंगाने सडपातळ होती. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखाली आवाज उचलणारी पट्टी होती. कारागीर हात पाठीमागे बांधून उभा राहिला, नजर वादकाच्या खांद्यावरून पलीकडे लागलेली. जीव लावून ऐकणाऱ्याचे डोळे असेच कुठेतरी हरवतात, हे वादकाने आयुष्यभर श्रोत्यांत पाहिलं होतं. त्या नजरेने त्याला भरून आलं. मांजर एव्हाना बाहेर येऊन बसली होती. तिने पाठ फिरवली आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर निघून गेली.

"टोचते ही," कारागीर म्हणाला. "ऐकणाऱ्याला खुर्ची सोडून उठावंसं वाटेल."

तिसरी लहानखुरी, मधाच्या रंगाची. तिच्या पोटावरच्या गोल तोंडावर कारागिराने चुंबकाचा पिकअप आडवा बसवला. हा फक्त तारांचं ऐकतो, लाकडाच्या भानगडीत पडत नाही, असं त्याने समजावलं. वादकाने डोळे मिटले. ताई समोर उभी आहे, श्वास घेते आहे, असं त्याला दिसलं, आणि बोटं आपोआप चालली. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. मांजर परत स्पीकरवर येऊन मुटकुळं करून निजली होती, आणि कारागीर तसाच पलीकडे बघत हसत होता.

"हीच घ्या," तो म्हणाला. "हिच्याशेजारी निवांत झोप लागेल."

"अहो, कार्यक्रमात लोक झोपले तर आमचं कसं व्हायचं?"

दोघेही हसले. मग वादक हळूच म्हणाला, "बहीण गाणार आहे. आवाज नाजूक आहे तिचा. बुडणार नाही ना?"

कारागिराने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "नाही बुडणार. मी शब्द देतो."

तेवढ्या शब्दावर वादकाने गिटार घेतली. पेटी पाठीला लावून रस्त्यावर आला तेव्हा सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर आठवलं, सूर दाखवणारी आपली दिव्याची चिमटी टेबलावरच राहिली. त्या चिमटीवाचून त्याला तार लावता येत नव्हती. तो परत फिरला.

दाराच्या काचेतून आत बघून तो थबकला. आतल्या खोलीतून कारागिराची बायको चहा घेऊन आली होती. नवरा पाठमोरा होता. तिने हाक मारली नाही, लाकडी जमिनीवर पाय आपटला. तो वळला. तिने विकल्या गेलेल्या गिटारच्या भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे बोट केलं आणि हात उलगडून काहीतरी विचारलं, ओठ न हलवता.

कारागिराने स्वतःच्या कानांवर बोटं टेकवून नकाराची मान हलवली, दोन बोटं डोक्यावर कानांसारखी उभी केली, मग हात जोडून गालाखाली घेतले आणि स्पीकरवर निजलेल्या मांजरीकडे बोट दाखवलं.