मैनेचा नमस्कार

टेम्पोची मागची फळी जमिनीला टेकली. मैना घोडीचा दोर हिलालच्या हाती होता. पण त्याचे पाऊल उचलत नव्हते.

"काका, मुहूर्त काढता की काय?" कुंदनशेठ टेम्पोच्या खिडकीतून ओरडला. "माझा घोडा तिकडे कडोदऱ्याला नवरदेव होऊन बसलाय, आणि नवरीचाच पत्ता नाही!"

"डॉक्टरबाई येऊ द्या, शेठ. त्यांच्या शब्दाशिवाय ती फळीवर चढायची नाही."

मैना माजावर आली होती. वय चौदा. या खेपेस गाभण राहिली नाही, तर पुढे आशा धरणे कठीण होते. परंतु अलीकडे ती कंबर आखडून चालू लागली होती, म्हणून पंधरवड्यापूर्वी साक्षी डॉक्टरांच्या दवाखान्यात तिच्या पाठीचा एक्स-रे काढला होता. त्याचा निष्कर्ष आज कळणार होता.

हिलाल खानदेशातून सुरतेस आला तो यंत्रमागावर. ते माग बंद पडले त्या वर्षी त्याने ही घोडी आणली आणि नवरदेवांच्या मिरवणुकांत, इथल्या भाषेत वरघोड्यांत, तो तिला नेऊ लागला. चार वर्षांपूर्वी कतारगामच्या एका वरघोड्यात नवल घडले. नवरदेवाने रिकिबीत पाय ठेवला मात्र, मैनेची पाठ खाली गेली, पुढचे गुडघे लवले, मान झुकली. बँड थांबला. वराच्या आईने साश्रू नयनांनी तिला ओवाळले. हिलालने कौतुकाने तिच्या मुखात गुळाचा खडा दिला. त्या दिवसापासून ती प्रत्येक वराला तशीच वंदन करी, आणि प्रत्येक वंदनानंतर गुळाचा खडा ठरलेला असे.

नमस्कार करणारी घोडी म्हणून तिची कीर्ती झाली. तिच्या पुण्याईने चलथाणजवळ हे चार खणांचे घर उभे राहिले, कन्या उज्ज्वला शिकून परिचारिका झाली. एवढे देणाऱ्या जिवाचा वंश आपल्या दारी नांदावा, एवढीच आता हिलालची इच्छा उरली होती.

साक्षी स्कूटरवरून उतरली. तिने एक्स-रे उजेडात धरला.

"हे बघा काका. पाठीच्या मणक्यांची टोकं इथे एकमेकांना टेकलीत. ती गाभण राहील, त्याला अडचण नाही. पण अकरा महिने जे ओझं वाहायचं, ते याच पाठीने."

"आणि शिंगरू?"

"आईची पाठ घेऊन जन्मू शकतं. जन्मेलच असं नाही."

हिलालने दीर्घ श्वास घेतला. "पाठ आली तर सांभाळू, बाई. लेकरासारखं सांभाळू. तिचा नमस्कार तेवढा त्याच्यात उतरला पाहिजे."

"कसला नमस्कार?"

"अहो मॅडम, सगळी सुरत ओळखते हिला, आणि तुम्हाला ठाऊक नाही?" कुंदनशेठ मोबाइल घेऊन खाली उतरला. पडद्यावर फेटा बांधलेला कोणी तरुण रिकिबीत पाय ठेवीत होता, मैना लवत होती, लोक टाळ्या पिटीत होते.

साक्षीने ते दोनदा पाहिले. ती हसली नाही. मोबाइल परत देऊन ती मैनेजवळ गेली आणि जिथे खोगीर बसते तिथे तिने दोन बोटे टेकून दाबली.

मैनेची पाठ खाली गेली. गुडघे लवले. मान झुकली. समोर वर नव्हता, बँड नव्हता. विटांची भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली शेणाची पाटी.

"पुन्हा करू नका," हिलाल म्हणाला.

दारातून त्याची पत्नी भागीरथी पाहत होती. पदर सावरीत ती पुढे आली. "तिले दुखस?"

"हो, काकू. पाठीवर भार आला की मणके एकमेकांवर घासतात. कळ चुकवायला ती खाली दबते."

"चार वर्षं?" हिलालने विचारले. साक्षीने होकारार्थी मान हलवली.

मैनेने तोंड वळवले आणि सवयीप्रमाणे ती हिलालच्या तळव्यात गूळ शोधू लागली. तळवा रिकामा होता. तो तिने चाटला. भागीरथी आत गेली आणि गुळाचा डबाच घेऊन बाहेर आली. हिलालने मैनेच्या कपाळाला आपले कपाळ लावले.

"काका, यावर उपचार आहेत," साक्षी हळुवारपणे म्हणाली. "औषध देऊ. पाठीवर काही घालू नका. रोज मोकळी फिरवा. कळ पुष्कळ उतरेल."

हिलालने तिला हात जोडले. "आज ओळखलंत म्हणून, बाई. नाहीतर मी तिला फळीवर चढवलीच होती." मग तो कुंदनशेठकडे वळला. "टेम्पो रिकामा न्या, शेठ. शिंगरू नको."

कुंदनशेठ एक पाऊल पुढे आला. मग चाचरत म्हणाला, "शिंगराचं राहू द्या, काका. पण पुढल्या आठवड्यात माझ्या पुतण्याचा वरघोडा. त्याची आई केव्हाची आस लावून बसलीय. हिचा एक शेवटचा नमस्कार तेवढा…"

हिलालने टेम्पोची फळी उचलली आणि कडी घातली.

"तिचे सगळे नमस्कार घालून झाले, शेठ. राहिलेत ते आमचे."