गळ्यातली शिट्टी

बहात्तरच्या दुष्काळात वडनेरला विहीर खोदणं चाललं होतं. काठावरून हुकूम देणारी शिट्टी आजवर धुरपताच्याच गळ्यात असायची. आज तिनं ती पोरसवदा वच्छलाच्या गळ्यात घातली आणि स्वतः दगड भरायला खाली उतरली. दुपारी वर जाणाऱ्या बादलीचा दोर चाकात अडकला आणि भरली बादली तिच्या डोक्यावर झोके घेऊ लागली. झोका वरूनच कळतो, म्हणून शिट्टीशिवाय खालच्यानं हलायचं नाही, हा नियम तिचाच. दोरावरच्या गड्यानं घाबरून विचारलं, "धुरपताबाई, काय करू?" उत्तर जिभेवर होतं, पण आपण बोललो तर पोर कायम आपल्याच तोंडाकडं बघेल. "शिट्टी जिच्या गळ्यात, तिले इचार," ती म्हणाली. एक खडा खांद्यावर पडला. मग वच्छलाची शिट्टी वाजली. "मावशी, मांगं सरक. भिंतीले टेक." धुरपता मुकाट्यानं टेकली.