ईश्वरीचा मुतखडा

हणमंतानं संमतीचा कागद डॉक्टरबाईंसमोर परत सरकवला. त्याच्या दीड वर्षाच्या ईश्वरीला मुतखडा झाला होता आणि ऑपरेशन म्हटल्यावर त्याचा हात पुढे होईना. तो सहा वर्षांचा असताना याच दुखण्यासाठी त्याची कूस वीतभर चिरली होती.

"चिरायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालू. लेझरनं खड्याचा चुरा करू."

"माझ्या वेळीही काही होणार नाही असंच म्हणाले होते. महिनाभर अंथरुणात होतो."

त्याच्या बायकोनं, सुगंधानं, कागद ओढून घेतला. "तुमचं दुखणं तुम्ही सोसलंत. ही लघवी करताना रोज कळवळते, ते मी बघते," म्हणाली आणि तिनं सही केली.

ऑपरेशन होईपर्यंत हणमंत तिच्याशी धड बोलला नाही. ते तासाभरात आटोपलं. तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. दुपारी ईश्वरी बापाच्या मांडीवर बसून त्याच्या मिशा ओढत होती आणि त्याची विजार ओली झाली. आता ही रडणार म्हणून त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. पोरगी मिशाच ओढत राहिली.

सुगंधा कोरडं फडकं घेऊन आली.

"राहू दे जरा," तो म्हणाला.