आपुनच मालक

"क्रिप्टोत मुकादम नसतोय. आपुनच आपले मालक," असं बजरंग चौसाळ्याच्या हॉटेलात रोज चहासोबत सांगायचा. दिवाळी तोंडावर आली आणि मुकादम ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन त्याच्याच दारात उभा राहिला.

बायकोने, विजयमालाने, बजरंगला आत बोलावलं. "ती कॉइनं आज इकून टाका. यंदा लेकरं घेऊन फडात जायचं न्हाई."

"सर म्हणतेत, आत्ता इकू नका."

"कोण सर?"

"मोबाइलच्या ग्रुपवरचे."

"मग कॉइनांचे मालक तुमी का ते?"

बजरंगने मुकादमाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि बायकोला काय उत्तर द्यावं, ते ग्रुपवर सरांना विचारलं.